कडी आतून, कुलूप बाहेरून : आगमनकाळाच्या गीतांविषयी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते संतसाहित्य शिकवत. अभंग हाती घेतला की तो कोण म्हणतो आहे, कोणाला म्हणतो आहे आणि कोणत्या घडीला म्हणतो आहे, हे आधी पाहायचे. अर्थाची घाई करायची नाही, अशी शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांना लावली. तीच शिस्त आज मी ख्रिस्ती गीतांना लावून पाहणार आहे. विषय नाताळच्या गाण्यांचा वाटेल, पण तो नाताळच्या आधीच्या गाण्यांचा आहे.

डिसेंबर लागला की आपल्याकडे मॉलमध्ये, शाळांच्या संमेलनांत, हॉटेलांच्या दर्शनी दालनांत कॅरोल वाजू लागतात. बहुतेकांची वार्ता एकच असते : बाळ जन्मले, आनंद करा. चर्चच्या पंचांगात मात्र तोवर बाळ जन्मलेले नसते. तीस नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि चार रविवार चालतो. या चार रविवारी कॅथलिक मिस्सामध्ये ‘ग्लोरिया’ गात नाहीत. ते देवदूतांचे गीत. मेंढपाळांना ते ज्या रात्री ऐकू आले, त्या रात्रीसाठी ते राखून ठेवायचे. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे असतात, वेदीवरची फुलेसुद्धा बेताची. घरात लग्न ठरले आहे, पण अक्षता पडायच्या आहेत, अशी ती अवस्था.

योहान सेबास्टियन बाख लाइपझिगमध्ये चर्चसंगीताचा प्रमुख होता, तेव्हा तिथे हा नियम फार कडक होता. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वाद्यवृंदासह कँटाटा, म्हणजे गायन-वादनाची अनेक भागांची रचना, व्हायची आणि पुढचे तीन रविवार वाद्यवृंद बंद. एरवी रविवारमागून रविवार संगीत पुरवणारा हा माणूस त्या तीन आठवड्यांत नाताळची तयारी करी. १७३४ सालच्या नाताळात त्याचा ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’ सुरू झाला तो टिंपनीच्या, म्हणजे पाश्चात्त्य नगाऱ्याच्या, ठोक्यांनी. तीन आठवडे ज्यांनी चर्चमध्ये वाद्यवृंद ऐकला नव्हता त्यांच्या कानांवर तो पहिला ठोका कसा पडला असेल, याची कल्पना करा. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून तेच ऐकणाऱ्या आपल्या कानांना ते सुख मिळायचे नाही.

पण हा प्रश्न केवळ भूक राखून जेवण्याचा असता, तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. आगमनकाळाच्या गीतांना स्वतःचे म्हणणे आहे. नाताळचे गीत सांगते, आगमनकाळाचे गीत मागते. आणि मागणी कोण करतो, कशासाठी करतो, हे पाहू लागलो की या गीतांतून पुन्हापुन्हा एक दार समोर येते. ते दार कोणत्या बाजूने उघडते, हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

सुरुवात काही जुन्या गाण्यांपासून करू. पाश्चात्त्य चर्चमध्ये १७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत सात लहान लॅटिन पदे गातात. किमान आठव्या शतकापासून ती रूढ आहेत. प्रत्येक पद ‘ओ’ या हाकेने सुरू होते आणि प्रत्येकात येणाऱ्याला वेगळ्या नावाने हाक मारलेली असते : ज्ञान, प्रभू, इशायचे मूळ, दावीदाची किल्ली, उगवते तेज, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल, म्हणजे आमच्यासंगे देव. आपल्या नामस्मरणाची ज्याला सवय आहे त्याला हे परके वाटणार नाही. फरक असा की इथे प्रत्येक नावापाठोपाठ एक ठरावीक मागणी येते. ज्ञानाकडे वाट शिकवण्याची मागणी, तेजाकडे अंधारात आणि मरणाच्या सावलीत बसलेल्यांना उजेड देण्याची. हे उगवत्या तेजाचे पद २१ डिसेंबरला येते, म्हणजे उत्तर गोलार्धातली सर्वांत मोठी रात्र असते त्याच सुमारास. रचणाऱ्यांनी त्यात आणखी एक खेळ करून ठेवला आहे. सातही लॅटिन नावांची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली तर दोन शब्द तयार होतात, त्यांचा अर्थ ‘मी उद्या येईन’. सात संध्याकाळ हाका मारायच्या आणि उत्तर त्या हाकांच्याच पोटात दडलेले. मात्र ते सातवी हाक मारल्याशिवाय पुरे होत नाही.

यातली चौथी हाक, २० डिसेंबरची, माझ्या विषयाची आहे. दावीदाची किल्ली : तिने उघडलेले कोणी बंद करू शकत नाही, तिने बंद केलेले कोणी उघडू शकत नाही. तिच्याकडे मागणी अशी की तू ये आणि तुरुंगात बसलेल्याला बाहेर काढ. म्हणजे गाणारा स्वतःला कैद्याच्या जागी ठेवतो. त्याच्या दाराला कुलूप आहे आणि ते बाहेरून आहे.

या पदाचा अर्थ विसाव्या शतकात एका माणसाने प्रत्यक्ष तुरुंगात बसून लिहिला. डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक आणि धर्मचिंतक हिटलरविरोधी गटात सामील होता. एप्रिल १९४३ मध्ये त्याला पकडून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवले. त्याच वर्षी आगमनकाळाच्या तोंडावर, २१ नोव्हेंबरला, त्याने मित्राला पत्र लिहिले. तुरुंगाच्या कोठडीची तुलना आगमनकाळाशी चांगली होते, असे त्यात तो म्हणतो. इथे माणूस वाट पाहतो, आशा करतो, हे कर ते कर असे काहीबाही करत राहतो. पण दार बंद आहे आणि ते फक्त बाहेरून उघडू शकते. बोनहोफरचे दार त्याच्या हयातीत उघडले नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले. हे ठाऊक असल्यावर आगमनकाळाचे गीत म्हणजे आशावादाचे गोड गाणे, असे कोणाला म्हणता येणार नाही. स्वतःच्या बळावर उघडणार नाहीत अशी काही दारे माणसाच्या आयुष्यात असतात : आजारपण, मरण, कधी स्वतःच्याच मनाची कोठडी, कधी एखाद्या काळाची. ते मान्य करण्यात कमीपणा नाही. ही गीते पहिल्याने एवढे मान्य करतात.

आता दुसरी बाजू. पुन्हा बाखकडे जाऊ, पण या वेळी तरुण बाखकडे, वायमार गावातल्या. २ डिसेंबर १७१४, आगमनकाळाचा पहिला रविवार. त्या दिवसासाठी त्याने जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या १५२४ सालच्या गीतावर एक कँटाटा बांधली. लूथरचे ते गीतही मूळचे त्याचे नव्हे; चौथ्या शतकातल्या मिलानच्या बिशप अँब्रोजच्या लॅटिन स्तोत्राचे ते जर्मन रूप. बाखने तिची सुरुवात फ्रेंच पद्धतीच्या ओव्हर्चरने केली. फ्रान्सच्या दरबारी रंगमंचावर राजाच्या सन्मानासाठी वाजायचे तसले हे डौलदार संगीत. ऐकणाऱ्यांना वाटावे, आता स्वारी येणार.

आणि मग चौथ्या भागात सगळा थाट उतरतो. एकटा खर्जातला गायक उभा राहतो. तंतुवाद्ये गज बाजूला ठेवून बोटांनी छेडलेली, सुटेसुटे स्वर : टक, टक, टक. शब्द बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातले आहेत, येशूच्या तोंडचे. तो दाराशी उभा आहे आणि दार ठोठावतो आहे. कोणी आवाज ऐकून उघडले तर तो आत येईल आणि त्याच्याबरोबर जेवेल. ती छेडलेली तार म्हणजे दारावरची थाप. हा भाग जेमतेम दीड मिनिटाचा आहे. कुठे आरडाओरडा नाही, कुठे वाढता सूर नाही. राजाच्या संगीताने ज्याची वर्दी दिली तो आला तेव्हा पाहुण्यासारखा बाहेर थांबला, त्याने दार ढकलले नाही. एवढा वेळ आपण समजत होतो की आपण वाट पाहतो आहोत. इथे कळते की वाट तो पाहतो आहे. आणि या दाराची कडी आतून आहे.

याच दाराचे आणखी एक गीत जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या चालू गीतसंग्रहात पहिल्या क्रमांकावर छापलेले आहे. कोनिग्सबर्गचा पाळक गेओर्ग वाइसेल याने १६२३ साली ते लिहिले. चोविसाव्या स्तोत्रात वेशींना उद्देशून हाक आहे, ती त्याने आगमनकाळासाठी घेतली. या गीताची एक आख्यायिका जर्मनीत सांगतात, आणि ती आख्यायिका म्हणूनच मी सांगतो. चर्चजवळच्या एका धनिकाने आपल्या वाड्याशेजारची जमीन विकत घेऊन तिला कुंपण घातले आणि फाटकाला कुलूप लावले. गरिबांच्या आश्रमातून चर्चला येणारी पायवाट त्यामुळे तुटली. म्हाताऱ्या आणि पांगळ्या माणसांना लांबचा वळसा पडू लागला. आगमनकाळात वाइसेल गायकवृंदाला आणि त्या आश्रमवासीयांना घेऊन थेट फाटकापाशी गेला आणि तिथेच हे गीत म्हटले. धनिकाने खिशातून किल्ली काढली. घटना घडली असो वा नसो, ज्यांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांना गीताचा अर्थ बरोबर कळला होता. देवासाठी दार उघडायचे म्हणजे नेमके कोणते फाटक उघडायचे, याचा पत्ता त्यात दिला आहे.

इथे महाराष्ट्रातला श्रोता एक रोखठोक आक्षेप घेईल आणि तो त्याने घ्यायलाच हवा. वाट पाहा, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्यांना हे वाट पाहण्याचे तत्त्वज्ञान कशाला हवे? चोखोबांनी पंढरीच्या दारात वाट पाहिली. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच राहिली. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. अमेरिकेत मार्टिन लूथर किंगने १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिले की कृष्णवर्णीयांना ‘थांबा’ म्हणून सांगितले जाते तेव्हा त्याचा अर्थ जवळजवळ नेहमीच ‘कधीच नाही’ असा निघाला आहे. किंग स्वतः पाळक होता, म्हणजे हा आक्षेप चर्चच्या बाहेरचा नाही. आणि जातीची उतरंड चर्चच्या उंबरठ्यावर चपला काढून ठेवाव्यात तशी बाहेर राहिली, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे की कडी ज्याच्या हातात आहे त्याला वाट पाहण्याचा अधिकारच नाही. ‘वाट पाहा’ हे आतल्याने बाहेरच्याला सांगायचे वाक्य नव्हे. आगमनकाळाची गीते ते तसे सांगतही नाहीत. त्यांतली मागणी नेहमी कडी हातात नसलेल्याच्या तोंडी असते आणि तयारीचा आदेश नेहमी कडी हातात असलेल्याला असतो. दोन्हींची अदलाबदल केली की गीताची अफू होते.

पुरावा म्हणून सर्वांत जुने आगमनगीत घ्या. लूकच्या शुभवर्तमानात पोटुशी मरिया आपल्या नातलग अलिशिबेला भेटते आणि गाते. चर्च हे मरियेचे गीत रोज सायंप्रार्थनेत गाते. मघाच्या सात हाका गायच्या असतात त्या याच गीताच्या आधी आणि नंतर. नासरेथसारख्या आडगावातल्या, लग्न व्हायच्या असलेल्या या मुलीच्या गाण्यात काय आहे? बलवंतांना आसनांवरून खाली ओढले, दीनांना उचलले, भुकेल्यांना पोटभर दिले आणि धनवानांना रिकाम्या हाती परत पाठवले. बोनहोफरने १७ डिसेंबर १९३३ रोजी लंडनमध्ये याच गीतावर प्रवचन दिले. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. चित्रांतली सोज्ज्वळ, स्वप्नाळू मरिया इथे बोलत नाही, हे आगमनकाळाचे आजवरचे सर्वांत जहाल, क्रांतिकारक गीत आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. अंगाईगीत म्हणून हे कोणी म्हणू लागला तर झोपलेले बाळही उठून बसेल.

वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे फिलिप निकोलायच्या गीतातही दिसते. १५९७ साली तो जर्मनीतल्या उन्ना या गावी पाळक होता. त्या वर्षी प्लेग आला आणि काही महिन्यांत गावातली हजाराहून अधिक माणसे गेली. त्याच्या घरातून समोर दफनभूमी दिसे. त्या दिवसांत त्याने लिहिलेले पुस्तक १५९९ साली प्रसिद्ध झाले. त्याला नाव दिले ‘आनंदाचा आरसा’, आणि त्यात जोडलेल्या गीतांपैकी एका गीताची पहिलीच आज्ञा जागे होण्याची. मत्तयच्या शुभवर्तमानातला दहा कुमारींचा दाखला त्यामागे आहे. नवरदेव मध्यरात्री येतो. ज्यांच्या दिव्यांत तेल आहे त्या आत जातात आणि दार लागते. निकोलायला प्लेग थांबवता येत नव्हता; ते कुलूप बाहेरून होते. दिव्यात तेल घालणे मात्र त्याच्या हातात होते : रोग्यांपाशी जाणे, मेलेल्यांना माती देणे, उरलेल्यांना जागे ठेवणे. पुढे १७३१ मध्ये बाखने याच गीतावर त्याची एक प्रसिद्ध कँटाटा रचली.

आता या काळाशी जोडलेल्या एका वस्तूकडे पाहू. चर्चमध्ये हिरव्या पानांच्या वलयात चार मेणबत्त्या लावतात, दर रविवारी एक. ही चाल जितकी प्राचीन दिसते तितकी ती नाही. हँबर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न याने निराधार मुलांसाठी १८३३ साली एक वसतिगृह काढले. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुले सारखी विचारत. १८३९ साली त्याने गाडीचे एक जुने चाक टांगले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या : इतर वारी लहान तांबड्या, रविवारी मोठ्या पांढऱ्या. रोज एक पेटवायची, प्रार्थना करायची, गीत म्हणायचे. पण हे ध्यानात घ्या की चाक टांगण्याच्या सहा वर्षे आधी त्याने त्या मुलांना घर दिले होते. ज्याने दार आधीच उघडले आहे तोच मुलांना वाट पाहायला शिकवू शकतो.

शेवटी मराठीकडे येतो. माझ्या मते या गीतांसाठी मराठीइतकी तयार भूमी फार थोड्या भाषांना लाभली आहे. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, धर्माच्या नावाने जबरदस्ती चाललेल्या काळात ते जन्मले, हे विसरून चालणार नाही. त्याची रचना मात्र आपल्या विषयाला धरून आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ सर्ग जुन्या कराराचे, म्हणजे येणाऱ्याच्या वचनाचे आणि त्या वचनाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांचे. जन्माची कथा त्यानंतर, दुसऱ्या पुराणात. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या हे पुराण वाचले आणि गायले गेले. ओवीत बांधलेला हा जगाचा प्रदीर्घ आगमनकाळच म्हणायचा.

सुमारे पावणेतीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. परदेशी चालींवर मराठी शब्द बसवण्याच्या काळात त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन उपासनेत आणले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आजही नगरच्या बाजूला पेटी, तबला आणि झांजांवर टिळकांचे पद सुरू झाले की टाळ्यांचा ठेका आपसूक धरला जातो. तो ठेका भजनाचा असतो.

तरीही मला ऐकू येते त्यावरून सांगतो, मराठीत नाताळची गीते उदंड आहेत आणि आगमनकाळाची गीते त्या मानाने थोडी गायली जातात. हे नवल आहे, कारण बोलावण्याचे आणि वाट पाहण्याचे गाणे हे तर आपले माहेर. ज्ञानदेवांच्या विरहिणी आहेत. जनाबाईंची हक्काची हाक आहे. आणि दाराचे तर आपल्याकडे एक संपूर्ण प्रकरणच आहे. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहून समजूत घालत राहिली. तिने ताटी मोडली नाही. ती बोलत राहिली. बाखने ज्या थापेसाठी तारा छेडल्या, तिचे मराठी रूप ताटीच्या अभंगांत शतकांपूर्वी येऊन गेले होते. ज्याला आगमनगीत लिहायचे आहे त्या मराठी ख्रिस्ती कवीला आणखी काय हवे?

म्हणून तीन सूचना करतो. पहिली, चर्चमधल्या गायकवृंदांना : जन्माची गीते २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत राखून ठेवा आणि १७ ते २३ या संध्याकाळी त्या सात हाका मराठीत, अभंगाच्या चालीवर मारून पाहा. दुसरी, घरोघर फिरणाऱ्या कॅरोल मंडळींना : आपली वाट नेहमी ओळखीच्या घरांवरून जाते. यंदा एक फेरी अशा जागी काढा जिथल्या दाराला कुलूप बाहेरून असते. तुरुंग, निरीक्षणगृह, मनोरुग्णालय. तिसरी सूचना गाणाऱ्या आणि न गाणाऱ्या, ख्रिस्ती आणि ख्रिस्ती नसलेल्या सगळ्यांना : आपल्या हातात कोणती कडी आहे आणि तिच्या पलीकडे कोण किती वर्षे थांबले आहे, याची यादी प्रत्येकाने स्वतःशी करावी. ज्यांच्या यादीत एकही नाव येणार नाही त्यांनी ती पुन्हा करावी.

‘ये’ म्हणणारे गाणे तोंडाने म्हणायचे आणि हाताने दार लावून घ्यायचे, या दोन गोष्टी एका वेळी करता येत नाहीत. आगमनकाळाच्या गीतांचा माझ्या लेखी एवढाच अर्थ आहे, आणि तो पाळायला चार रविवार पुरत नाहीत.